उरलेल्या फळ्या

आक्का, परवा साताऱ्यातल्या एका वखारीत मी चारचौघांसमोर फळीला कान लावला. पूर्वीसारखं खाली बसून नव्हे. आता गुडघे वाकत नाहीत, म्हणून भिंतीला टेकवलेल्या फळीलाच उभ्या उभ्या गाल टेकवला आणि डोळे मिटले. वखारवाला म्हणाला, "आजी, त्यो फोन न्हाई." सगळे हसले. सूनही हसली, पण म्हातारी पडते की काय म्हणून तिनं माझा दंड धरून ठेवला होता. मीही हसले. मात्र तो फाजील माणूस मला आवडला नाही आणि त्याची फळीही आवडली नाही. यंत्रं ज्या खोक्यांतून येतात त्या खोक्यांचं लाकूड होतं ते, त्याला ना वजन, ना वास. असल्या लाकडाकडे तू दुसऱ्यांदा पाहिलंही नसतंस.

वखारीत कशासाठी गेले होते ते सांगते. घरामागे हातभर जागा आहे, तिथे मला भाजी लावायची हौस आहे, आणि खाली बसता येत नाही म्हणून मी दिवसभर कुरकुरत असते. सुनेनं कुठंतरी पाहिलं की लाकडाच्या कमरेइतक्या उंच पेट्या करायच्या, त्यांत माती भरायची आणि उभ्यानं पेरायचं, उभ्यानं खुडायचं. "आई, तुमच्यासाठी अगदी योग्य आहे," म्हणाली. चांगली आहे पोरगी, सासूला आई म्हणते; मी मात्र माझ्या आईला, तुला, जन्मभर आक्काच म्हणत आले. मी तिला सांगितलं नाही की असल्या पेट्या मला ठाऊक आहेत. पाहिल्या म्हणावं तर आयुष्यात एकदाच, त्याही दुसऱ्याच्या अंगणात. पण तुझ्या तोंडून त्यांच्याबद्दल इतकं ऐकलंय की कुठल्या पेटीत काय लावायचं ठरलं होतं तेसुद्धा मला अजून पाठ आहे. दोन दिवस मनात घोळवलं आणि आज सकाळी लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं हे लक्षात आहे माझ्या. मामाचं कार्ड आलं की मीच वाचून दाखवायचे आणि तू म्हणायचीस, "परत वाच. सावकाश." तरी लिहिते.

सुरुवात तुझ्या नेमापासून करायला हवी, कारण तो माझ्यासाठी होता. मी लहान असताना मला मुदतीचा ताप आला होता. आष्ट्याच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि आण्णा मला गाडीत घालून सांगलीला न्यायच्या तयारीला लागले, तेव्हा तू बस्तीत, आपल्या जैन देवळात, जाऊन नेम घेतलास. पोरगी वाचली तर जन्मभर बाजारची भाजी खाणार नाही. घरच्या परड्यात जी पिकेल, जिच्यावर कुणी औषध मारलेलं नाही, जिच्यातली अळी तू स्वतःच्या हातानं उचलून बाजूला ठेवली आहेस, तीच खायची. कांदा, बटाटा, मुळा तर आपल्या घरात नव्हतेच, दिवेलागणीच्या आत जेवण उरकायचं, पाणी गाळून प्यायचं, हे सगळं होतंच. त्यात हा एक नेम वाढला. मी वाचले. आणि तेव्हा तो नेम काही अवघड नव्हता गं. मळ्यातल्या आपल्या घरामागचं परडं काय हिरवं होतं! दोडक्याचा वेल गोठ्यावर चढलेला, घेवडा कुंपणावर, भेंडी, गवार, कडेला पडवळ लोंबतंय. शेजारपाजारच्या बायका तुझ्याकडून भाजी न्यायच्या. "बाजार कशाला पायजे वो?" असं तू त्यांना म्हणायचीस तेव्हा त्यात थोडा ताठा असायचा. असू दे, तेवढा ताठा तुला शोभायचा.

मग तो मोठा दुष्काळ पडला, आणि तो सरल्यावर आण्णांनी विहिरीवर विजेची मोटार बसवली. सगळ्यांनीच बसवल्या. ऊस लावला. बटण दाबलं की पाणी, आणि माणसं दुष्काळातून उठलेली, त्यामुळे पाण्याला कुणी नको म्हणेना. आण्णा पाटात उभे राहून म्हणायचे, "पानी पाजल्यानं कोन मरतंय काय?" उसाला पाजलेलं ते पाणी उतारानं घरामागं येऊन मुरायचं. एका उन्हाळ्यात परड्याच्या कोपऱ्यात जमीन पांढरी दिसायला लागली. कुणी पीठ सांडल्यासारखी. तू बोटानं उचलून जिभेला लावलंस, "मीठ" म्हणालीस आणि थुंकलीस. पुढच्या वर्षी घेवडा उगवून करपला, त्याच्या पुढच्या वर्षी उगवलाच नाही. गोठ्यावरचा दोडक्याचा वेल वाळून दोरीसारखा झाला तरी तू तो काढेनास. तुझ्या ताटात हळूहळू डाळ, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी एवढंच उरलं. आम्हाला आण्णा बाजारातून भाजी आणायचे. तू ती निवडायचीस, चिरायचीस, फोडणीला टाकायचीस, आम्हाला वाढायचीस आणि आपल्या ताटात घ्यायची नाहीस. आण्णा एकदा वैतागून म्हणाले, "आगं, साधू-मुनींस्नी इचार की. सोडवून देत्यात नेम." तू म्हणालीस, "पोरीसाठी केलाय. सोडायचा कसा? पोरगी हाय की." मी तिथंच बसून तुझ्या हातची बाजारची भेंडी खात होते. म्हणजे मी होते म्हणून तुझा नेम होता, हे त्या दिवशी माझ्या कानावर पडलं. आत गेलं नाही.

पेट्यांचं वेड तुला महाबळेश्वरात लागलं. आपण सगळे एसटीनं गेलो होतो, आण्णांनी नवी टोपी घातली होती. बाकीचे कड्याच्या टोकाला जाऊन वारा खात होते आणि तू दिसेनाशी झालीस. आण्णा घाबरे झाले. मी शोधत आले तर तू एका बंगल्याच्या मागच्या अंगणात शिरून तिथल्या माळ्याशी बोलत उभी. त्यानं चार बाजूंनी फळ्या ठोकून त्यात माती भरली होती आणि तिच्यात भाजी लावली होती. तो सांगत होता, इथला पाऊस माती धुऊन नेतो, म्हणून ती अशी उचलून धरावी लागते. परत येताना घाटात सगळ्यांना मळमळत होतं आणि तू मात्र खिडकीशी टक्क जागी. एकदम म्हणालीस, "त्यास्नी वरनं पानी येतंय, आपल्याला खालनं मीठ येतंय. एकच की वो. माती उचलून धरायची." आण्णा म्हणाले, "आता उलटी हुईल मला, गप बस जरा." पण तुझं ठरलं होतं. खाली जाड खडी, म्हणजे मीठ वर चढणार नाही. त्यावर माळावरची लाल माती. आणि भोवती फळ्या. प्रश्न एवढाच होता की फळ्या कुठल्या.

सांगलीच्या वखारीत तू मला घेऊन गेलीस तो दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. वखारवाल्यानं आंब्याच्या फळ्या दाखवल्या. तू म्हणालीस, आंबा एका पावसात कुजतो. बाभळीची साल तू नखानं उचलून पाहिलीस, तिच्याखाली काहीतरी हललं, तू साल परत हलक्या हातानं दाबून बसवलीस. शेवटी त्यानं मागच्या बाजूला नेलं. कुठल्यातरी पाडलेल्या घराचं जुनं लाकूड तिथं रचलं होतं. त्यात साग होता, आणि मधून मधून दुसरंही काय काय. तू खाली बसलीस, एका फळीला कान लावलास आणि बोटानं ठोकलंस. मग दुसरीला. मी लाजेनं अर्धी झाले, कारण वखारीतली सगळी माणसं काम सोडून बघायला लागली होती. वखारवाला म्हणाला, "बाई, डाक्टरीन हाय काय तुमी? लाकडाची नाडी बगताय." तू डोळे न उघडता म्हणालीस, "नाडी लागली तर घेनार न्हाई." तेव्हा हसली ती माणसं तुला नव्हे, वखारवाल्याला हसली. तो म्हणाला भुंगा असला तर असू दे, औषध मारून देतो, एका दिवसात सगळं गप्प. त्यावर तू जे बोललीस ते मी नंतर किती जणांना सांगितलं असेल. "ज्यात जीव हाय ती फळी घ्यायची न्हाई. आन् ज्यात न्हाई तिला औषध कशाला वो?"

पण तो काही कमी नव्हता. निवडून देणार नाही म्हणाला, घ्यायचं तर सगळं घ्या. म्हणून सगळं आलं. मग कित्येक दुपारी, घर झोपलं की तू त्या फळ्या घेऊन बसायचीस. दुपारीच, कारण तेव्हा गुरंसुद्धा गप्प असतात आणि भुंगा लाकूड कोरत असला तर त्याची कुरकुर ऐकू येते. फळी कागदावर उभी करून ठेवायची. सकाळी कागदावर पिवळं पीठ पडलेलं दिसलं की ती बाद. मलाही बसवायचीस. माझं मॅट्रिक झालं होतं, पुढं काय करायचं ते कुणी ठरवत नव्हतं, आणि मला त्या फळ्यांचा मनस्वी कंटाळा आला होता. एकदा मी एक फळी उचलली आणि आतले किडे पडावेत म्हणून जमिनीवर दाणकन आपटली. तू माझा हात धरलास. ओरडली नाहीस. "आपटू नगंस. तुज्या घराला धरून कुनी असं हलवलं तर?" म्हणालीस. मला इतका राग आला की मी म्हणाले, "आक्का, आपण भुंग्यांना वखारीतून घर आणून दिलं, आता त्यांना ताटपण वाढ." तू हसलीस. पण मला खात्री आहे की तुला ते लागलं होतं.

अशा दोन राशी झाल्या. एक घराच्या पुढच्या सोप्यात, भिंतीला लावून, जुन्या सतरंजीखाली. सगळा निवडक साग, आत कुणी नाही. दुसरी परड्याच्या टोकाला चिंचेखाली, जिच्यात कुणी ना कुणी राहत होतं. आण्णांनी विचारलं, "ही तरी चुलीत घालायची का?" तू त्यांच्याकडे असं पाहिलंस की त्यांनी पुन्हा विचारलं नाही. वखारीतून आणलेलं लाकूड, पेटीला चालत नाही आणि चुलीलाही चालत नाही! मळ्यावर येणारं जाणारं प्रत्येक माणूस त्यावर काहीतरी बोलून जायचं. तू आपली लाल माती आणायच्या नादात. बैलगाडीनं माती आली, खडी आली. एका पेटीत दोडका, एकीत भेंडी आणि गवार, आणि एक नुसती मेथीची. मेथीचं सांगताना तुझ्या तोंडाला पाणी सुटलेलं मी पाहिलंय. किती वर्षांत तू पालेभाजी खाल्ली नव्हतीस.

त्याच सुमाराला माझं ठरलं. सातारची माणसं, मुलगा कचेरीत, सगळं बरं. बैठकीत मुलाची आत्या म्हणाली, "आमचं काही मागणं नाही. पलंग तेवढा बरा असावा. साताऱ्याला थंडी असते, खाली झोपवत नाही." आण्णा हो म्हणाले. लग्न तोंडावर आलेलं, आणि त्या साली कारखान्याला गेलेला ऊस मिठानं निम्मा खाल्लेला. सुताराला बोलावलं, वखारीत जायचं ठरलं. सुतार सोप्यात चहा घेत बसला होता. बसल्या बसल्या त्यानं सतरंजी उचलली आणि म्हणाला, "आवं, सागवान तर घरातच हाय. आन् वखारीत कशाला निगालाय?"

तो क्षण मी इतक्या वेळा पाहिलाय की आता त्याच्या कडा झिजल्यात. तू सुपात तूर निवडतेस. आण्णा तुझ्याकडे बघतायत. मी दारात उभी आहे, हातात रिकाम्या कपबश्या. आण्णा म्हणाले, "आन् तुज्या पेट्या?" तू सुपातला खडा काढून बाजूला ठेवलास. "हायत की उरलेल्या. त्यात भागतंय माजं." सुताराला काय ठाऊक, तो लगेच टेप काढून मापं घ्यायला लागला. पण आण्णांना ठाऊक होतं. आणि मला ठाऊक होतं. चिंचेखालच्या त्या फळ्यांत ओली माती भरून आतल्या जिवांना तू मारणार नाहीस हे दुपारच्या दुपारी तुझ्या सोबतीला बसलेल्या माझ्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार होतं? तू मान वर करून माझ्याकडे बघितलंस. थोडाच वेळ. मी कपबश्या घेऊन आत गेले.

पुढं लोकांना, म्हणजे खरं तर स्वतःलाच, मी सांगत आले की त्या काळी लग्न ठरलेल्या मुली मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालत नसत. हे कारण इतकं चांगलं आहे की त्यावर कुणीही मान हलवतं. पण त्याच सकाळी शालूचा रंग मला आवडला नाही म्हणून मी अख्खा मळा डोक्यावर घेतला होता. शेजारच्या वस्तीवरची माणसं काय झालं म्हणून बघायला आली होती. तेव्हा लाज आडवी आली नव्हती. आक्का, मला पलंग हवा होता. माझ्या मैत्रिणीला लग्नात पलंग मिळाला होता, नक्षीचा, आणि मला तिच्यापेक्षा चांगला हवा होता.

आणि तू काय केलंस? सुतार कामाला बसला तशी तूही बसलीस त्याच्याजवळ. प्रत्येक फळी त्याच्या हातात द्यायच्या आधी परत कानाला लावलीस. उशाकडची फळी तर दोनदा बदललीस. सुतार कंटाळून म्हणाला, "वहिनी, सगळी सारखीच हायत वो." तू म्हणालीस, "लेकीच्या कानाशी काय कुरकुराय नगं." ते मी ऐकलं. त्या वेळी मेंदी लागली होती माझ्या हातांना, म्हणून डोळे पुसता आले नाहीत. एवढं तरी मला आठवतं की ते पुसायची गरज होती.

पहिल्या पंचमीला माहेरी आले तेव्हा लाल मातीच्या ढिगावर गवत आलं होतं आणि वासरू ते खात होतं. दारात डालड्याचे डबे ओळीनं मांडले होते, तळाला भोकं पाडलेले. एकात मिरची, एकात कोथिंबीर, दोन-चारांत भेंडीची रोपं, खुजी पण हिरवी. मी म्हणाले, "छान आलीयेत की." जेवायला बसले तेव्हा तू माझ्या पानात भेंडीची भाजी वाढलीस. कोवळी, करकरीत, तुझ्या हातची. साताऱ्याला सासूबाई भाजीत गूळ घालायच्या, मला ते जात नव्हतं, आणि इतक्या महिन्यांनी ती चव जिभेला लागल्यावर मी खाली मान घालून जेवतच राहिले. संपली तशी म्हणाले, "आजून हाय का?" तू कढई कलती करून चमच्यानं कडेचं सगळं निपटून माझ्या पानात घातलंस. मग आपलं ताट वाढून घेतलंस. डाळ, भाकरी, चटणी. त्या दोन-चार डब्यांना आलेली तेवढीच भेंडी होती, तुला खाता येणारी तेवढीच भाजी, आणि ती तू मी येणार म्हणून राखली असशील! तुझं ताट बघितल्यावर मला कळलं. माझा शेवटचा घास अजून तोंडात होता. तो मी गिळला.

हात धुताना विचारलं, "पेट्यांचं काय झालं?" तू म्हणालीस, "करू की. तुज्या आण्णास्नी सवड हुईना बग." ते खोटं होतं, तू माझ्यासाठी मुद्दाम जवळ ठेवलेलं खोटं, आणि मला ते फार सोयीचं पडलं. पुढची कितीतरी वर्षं मी तेच वापरलं. माझ्या नवऱ्याला पगार होता. साताऱ्यात वखारी होत्या. एकदा मनावर घेतलं असतं तर दुपारभर फळ्यांना कान लावून तुझ्यासारख्याच निवडून टेम्पोनं पाठवता आल्या असत्या, आणि तशी निवडायला शिकलेली तुझ्यामागं जगात एकच बाई होती. आण्णा 'पुढच्या वर्षी' म्हणायचे, तूही 'पुढच्या वर्षी' म्हणायचीस. मी तर विषयच काढायचे नाही. दर पंचमीला जायचे, डब्यांतलं जे असेल ते खायचे, दोन दिवस राहून परत यायचे. नंतर मुलं झाली आणि जाणंही कमी झालं.

शेवटी शेवटी तुला थकवा यायचा. आष्ट्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, रक्त कमी आहे, हिरव्या भाज्या खा. तू हसून आण्णांना म्हणालीस, "घ्या, ह्यांनीबी तुमचंच सांगितलं." ते आण्णांनी मला तू गेल्यावर सांगितलं. तू भाजीवाचून गेलीस असं कुणी म्हणालं नाही, मीही म्हणत नाही. ताप आला आणि आठवड्यात सगळं आटोपलं. पण तुझ्या दिवसांना आले तेव्हा मी चिंचेखाली गेले होते. तिथं फळ्या नव्हत्या. मऊ, तपकिरी भुगा होता, मुठीत धरला तर बोटांतून गळणारा. कुणी जाळल्या नव्हत्या, कुणी उचलल्या नव्हत्या. तुझ्या भाडेकरूंनी सावकाश सगळं घर खाऊन टाकलं होतं. मी तिथंच बसून रडले. बायकांना वाटलं, आईसाठी रडतेय. खरं तर मला शरम वाटत होती. त्या किड्यांना तू दिलेलं घर त्यांनी वापरून संपवलं आणि मला दिलेलं मी नुसतं मिरवत होते.

आता परवाचं. वखारीतून परत आल्यावर सून म्हणाली, "आई, त्या लाकडात काही राम नाही. आपल्या जुन्या पलंगाचं लाकूड वापरू या का? असा साग आता मिळत नाही. तुम्हाला नवा पलंग आणू, थोडा उंच, उठायला सोपा." तिला काही ठाऊक नाही. वाटलं, बघ, इतक्या वर्षांनी का होईना, तुझ्या फळ्या मातीला लागणार. त्यांत मी मेथी लावणार. हे पत्र मी तुला तेच कळवायला लिहायला घेतलं होतं. आनंदाची बातमी म्हणून.

मग वाटलं, तुझ्या रीतीनं करावं. आज दुपारी सगळे झोपले होते. पंखा बंद केला. उशाकडच्या फळीला, तू दोनदा बदलून घेतलेल्या त्याच फळीला, कान लावला आणि डोळे मिटले. आधी माझंच रक्त ऐकू आलं. मग ते गप्प झालं, आणि आत कुणीतरी कोरत होतं. कुरकुर, थोडा वेळ शांत, परत कुरकुर. पलंगाच्या पायाशी बोट फिरवलं तर पिवळं पीठ लागलं. कधीपासून आहेत देव जाणे, माझे कान गेलेत. तू रिकामी निवडून दिलेली फळी आता रिकामी नाही.

तुझ्या हिशेबानं प्रश्नच मिटला. ज्यात जीव आहे त्यात माती भरायची नाही. औषधाचंही नाव काढायचं नाही. सून उठल्यावर मी तिला सांगितलं, पलंग मोडायचा नाही, आण ती खोक्याची लाकडं. ती म्हणाली, "बरं." तुझ्या शब्दाचा मान ठेवला, असं मी मनात म्हटलं, आणि ते म्हणताना मला किती सुटल्यासारखं वाटलं ते तुला सांगायला हवं. भुंग्यांची दया वगैरे नंतर आली, आक्का. आधी वाटलं, वाचला. माझा पलंग वाचला. तेव्हा तुझ्या 'भागतंय माजं'च्या आड लपले, आता तुझ्या भुंग्यांच्या आड लपले.

हे वाचून दाखवायला तुझ्याजवळ कुणी नाही, आणि मला मोठ्यानं वाचवत नाही. "परत वाच, सावकाश," म्हणशील तर मुळीच वाचवणार नाही. घडी घालून उशीखाली ठेवते, म्हणजे त्याच फळीजवळ राहील.

अपराध्याला झोप येत नाही म्हणतात. मला त्या पलंगावर पहिल्या दिवसापासून फार गाढ झोप लागत आली, आक्का. कालही लागली.